चार वाजून वीस मिनिटांचा हुकूम

४.२०

हुकुमावर तारीख असते, वेळ नसते. पण उज्मा वकील उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, साहेब, वेळही टाकावी. न्यायाधीशांनी चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि लघुलेखकाला सांगितलं, टाका. म्हणून बुधवारच्या त्या मनाई हुकुमाच्या शेवटी, सहीच्या वर, टंकलेलं आहे: सायंकाळी ४ वाजून २० मिनिटे.

अभिमन्यूने तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

तो माणूसच कागदाचा. पाटोद्यात तहसीलच्या समोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. वीस वर्षांत त्याच्या काचेवरून अख्ख्या तालुक्याचे सातबारे, जन्माचे दाखले, मेल्याचे दाखले गेले. कागद उलटा धरला तरी त्याला वाचता येतो. दुसरा एखादा मामा असता तर मेव्हण्याच्या दारात जाऊन भांडला असता. याला भाचीचं लग्न मोडायला कागद सुचला.

"अभिमन्यूभाऊ, नीट ऐका," कोर्टाच्या पायरीवर उज्मा म्हणाल्या. "आज चार वीसनंतर जे लागेल ते लग्नच नाही. कायद्यात ते शून्य. पण चार वीसच्या आधी लागलेलं निघालं, तर मात्र लग्न. मग ते मोडायला वेगळा दावा, आणि वर्षं जातात. म्हणून वेळ टाकून घेतली."

"आधी कसं लागंल मॅडम? उद्या साडेबाराचं हाय."

"उद्याचंच असू द्या."

"आन मामा मागं उभा राहिल्याबिगर नवरी बोहल्यावर येती का? तिला मी एकलाच मामा हाय. मी हितं हाय म्हंजी लग्न हितं हाय."

उज्मा हसल्या नाहीत. "आमच्याकडं तसं काही नसतं. तुम्ही म्हणता तर असेल."

ठरलं ते एवढंच. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि तो आज दुसऱ्या गावाला. उद्या सकाळी नऊला तो, पोलीस आणि उज्मा मेव्हण्याच्या गावी, आंबेटाकळीत जाणार, हुकूम बजावणार. तोवर अभिमन्यूने तोंड बंद ठेवायचं, मामा म्हणून हळदीला जायचं आणि भाचीच्या, आरोहीच्या जवळ राहायचं. तिला घरातून हलू द्यायचं नाही.

मधला मजकूर असा:

…कु. आरोही भगवानराव, वय १५ वर्षे ४ महिने, हिचा विवाह सामनेवाले क्र. १ (वडील) व क्र. २ (नियोजित वर) यांनी, अथवा त्यांच्या वतीने इतर कोणीही, लावू नये. तसेच पुढील आदेशापर्यंत तिला राहत्या घरातून अन्यत्र नेऊ नये…

रविवार

हे आधी सांगायला हवं होतं. पण अभिमन्यूलाही ते आठवायला आवडत नाही.

रविवारी सकाळी मेव्हण्याचा, भगवानरावाचा, फोन आला: पाव्हणं, या, पाहुणे यायलेत, बोलणी हायत. बोलणी म्हणून तो गेला तर साखरपुडाच होता. मुलगा प्रविण, अठ्ठावीस वर्षांचा. तलवाड्याच्या बाजूच्या अमरसिंहांचा पुतण्या. अमरसिंह म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती, आणि भगवानरावाला पुढच्या खेपेला सरपंच व्हायचं होतं. आरोही नववीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी होती. पाटावर बसवलेली ती पोर, तिच्या अंगाला सैल होणारं पोलकं, आणि कुणीतरी म्हणालं, मामा कुठाय, मामाला मागं उभं करा.

तो उभा राहिला. टॉवेल-टोपी घेतली. मूठभर तांदूळ हातात दिले, ते टाकले. जेवला. बासुंदी दोनदा घेतली, कारण बहीण वाढत होती.

सोमवारी सकाळी दुकान न उघडता तो उज्मा वकिलांकडे गेला.

४.५०

हुकुमाची शिक्क्याची प्रत एकच मिळाली होती. अभिमन्यूने दुकानाचं शटर अर्धं उचललं, वाकून आत गेला, मशीन तापायची वाट बघितली आणि पाच प्रती काढल्या. पोलिसांना, ग्रामसेवकाला, अंगणवाडीला, वकिलांना, आपल्याला.

शटरखालून पांढरं धोतर आत आलं. आंबेटाकळीचाच धोंडीराम, हातात सातबारा.

"बंद हाय तात्या. लई घाईत हाय."

"एकच काढायची हाय रं. पीकविम्याचं हाय."

"काढा तुमच्या हातानं. निघताना शटर वढून घ्या."

असं तो नेहमीच्या गिऱ्हाइकांना म्हणतच असे. पाटोद्यात निम्म्या लोकांना त्याचं मशीन चालवता येतं.

मग तो पोलीस ठाण्यात गेला. तिथे एक प्रत दिली, पोच घेतली, आणि मोटारसायकलवर बसला तेव्हा पावणेसहा झाले होते. मे महिन्याचं ऊन अजून रस्त्यावर होतं.

वाटेतले फोन

पहिला भगवानरावाचा. "पाव्हणं, कुठवर आलात? या सावकाश. सावकाश या."

दुसरा बहिणीचा, मोहिनीचा. उचलला तर कुणी बोललं नाही. मागे वाजंत्री चालू होती, आणि बाया हसत होत्या. कट झाला. त्याने परत लावला, तर बंद.

तिसरा अनोळखी नंबर. आवाज मऊ, वयस्क. "मामा का? मी अमरसिंह. काय न्हाई, म्हनलं इचारावं, आज कोर्टाकडं लई गर्दी हुती का?"

अभिमन्यूने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"कुठल्या कोर्टाकडं, भाऊ?"

"आसंच. लग्नसराईत तिकडं कोन जातंय, म्हनून इचारलं. या. जेवाय थांबलोय तुमच्यासाठी."

आता इथे एक शहाणा माणूस काय करील? वकिलांना फोन लावील. अभिमन्यूने लावला. उज्मा म्हणाल्या, "कळलंय त्यांना. पण घाबरू नका, कळलं असेल तर उलट चांगलं. माहीत असून मोडला तर गुन्हा आणखी मोठा. तुम्ही फक्त मुलीजवळ जा. मी पुन्हा ठाण्यात जाते, गाडी आजच निघते का बघते."

तो गाडीवर बसला. मोटारसायकल ऐंशीवर नेऊनही तिचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता.

७.०५

मांडव अंगणभर होता. विजेच्या माळा लागलेल्या, खुर्च्या मांडलेल्या. पण खुर्च्यांवर बसलेली माणसं उठून त्याच्याकडे आली, आणि ही गोष्ट त्याच्या आयुष्यात कधी झाली नव्हती.

"मामा आले. मामाला पानी द्या."

"मामा, टोपी कुठाय तुमची? रविवारची?"

"अय, खुर्ची सोड बे, मामाला बसू दे."

त्याने दाराशी चप्पल काढली. तळपायाला काहीतरी बोचलं. खाली बघितलं: हळदीचे तांदूळ. एक-दोन नव्हे, ओट्यापासून तुळशीपर्यंत फरशीवर पसरलेले, काही पायांखाली चुरडलेले. कुणीतरी झाडायला घेतलेला केर तसाच कोपऱ्यात होता.

हळदीला अक्षता टाकत नाहीत.

"आरोही कुठाय?" तो म्हणाला.

"हाय की, जातीय कुठं," भगवानराव म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा अभिमन्यूच्या खांद्यावर हात ठेवला. हात घामाने ओला होता. "आधी चहा घ्या."

अभिमन्यू माजघरात घुसला. दारात मोहिनी उभी होती. ती बाजूला झाली नाही, आणि आडवीही आली नाही.

"दादा, तू कोर्टात गेलतास?"

"गेलतो."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

मोहिनीने विचार केला. खरोखर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर तो दिसला. मग म्हणाली, "म्हाईत न्हाई." आणि बाजूला झाली.

५.४०

ही वेळ सातच्या नंतर येते, कारण अभिमन्यूला ती तेव्हा कळली.

आरोही धान्याच्या कणगीला टेकून बसली होती. मुंडावळ्या कपाळावरून सुटून कानाशी लोंबत होत्या. हातात हिरवा चुडा, गळ्यात काळे मणी.

"मामा, लग्न उद्या हुतं ना?"

"हा."

"त्यांनी आत्ताच लावलं. पाच चाळीसला. धोंडीराम तात्याचा फोन आला, मग सगळे पळाले. भटजी हळदीला आलेलेच हुते. नवरदेव पन आलेला हुता. पाच मिंटं पन लागली न्हाईत. मग आईच्या फोनवरून मी तुला लावला, तर बाबांनी हातातून घेतला."

"तुझ्या मागं कोन हुतं?"

"कुठं मागं?"

"मामाच्या जागी. मागं कोन उभं हुतं?"

तिला प्रश्न कळायला वेळ लागला. "कोनच न्हाई," ती म्हणाली. "कुनी इचारलं पन न्हाई."

अभिमन्यू खाली बसला. आजपर्यंत त्याने जी गोष्ट भिंतीसारखी धरली होती, ती कुणी ढकललीही नव्हती. ती नव्हतीच.

पण पाच चाळीस. त्याने मनात पुन्हा मोजलं. चार वीसनंतर एक तास वीस मिनिटं. लागलं तर लागलं, ते लग्न नाही. शून्य आहे. कागद आहे.

त्याने खिशातून कागद काढला.

शिक्का काळा होता.

त्याने तो दिव्याकडे धरला. गोल शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे; सगळं काळं. निळ्या शाईची प्रत त्याच्याकडे नव्हती. वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, झाकण उचलून बघा, मूळ प्रत काचेवर राहिली.

७.३०

(हा भाग बहुतेक अमरसिंहच बोलले. म्हणून त्यांचंच ऐकू.)

"बसा मामा. घाम पुसा. ही तुमची प्रत, घ्या. काचेवर राहिलती. धोंडीरामला वाचता येत न्हाई, पन शिक्का कळतो. त्यो बिचारा धा जनाला इचारत माझ्याकडं पोचला. मी म्हनलं, चांगला कागद हाय. वेळ पन टाकलीय. वकीलबाई हुशार हाय.

"आता माझं ऐका. ह्या कागदाला मी मानतो. उद्या साहेब येतील, चहा पितील, मी हात जोडीन. म्हनीन, साहेब, हुकूम बुधवारचा. लग्न रविवारचं.

"न्हाई न्हाई, मधी बोलू नका. साखरपुड्यातच लग्न उरकत्यात की आपल्याकडं. निम्मा जिल्हा तसंच करतो. कार्ड उद्याचं छापलंय ते जेवनाचं. मांडव जेवनाचा. रविवारी दीडशे मानसं हुती, दीडशे मानसं सांगतील.

"तरी साहेब म्हनतील, पुरावा. मग मी ह्यो दाखवीन."

त्यांनी मोबाइल पुढे केला. रविवारचा फोटो. पाटावर आरोही, शेजारी प्रविण, हवेत तांदूळ. आणि आरोहीच्या मागे, टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, तिच्या दोन्ही दंडांना धरून उभा असलेला अभिमन्यू.

"मामा मागं उभा असल्याबिगर लग्न लागतं का? मी न्हाई म्हनत. तुमीच इचारा कुनालाबी."

मांडवातले दोघे-तिघे हसले. मग हसणं थांबलं, कारण अमरसिंह हसले नव्हते.

"फिर्यादी तुमी. आन फोटूत पन तुमीच. कोर्ट तुमाला इचारंल, रविवारी डोळं कुठं हुतं? काय सांगाल?"

अभिमन्यूने उत्तर शोधलं. खरं उत्तर होतं: बासुंदी खात होतो. ते कोणत्याही कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं.

"ती सांगंल," तो म्हणाला. "आरोही सांगंल, आज लागलं म्हनून. साहेबांना ती सोता सांगंल."

अमरसिंहांनी मान हलवली, एखाद्या हुशार पोराने बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी.

"बरुबर. म्हनून ती उद्या हितं नसंल."

अंगणाबाहेर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. इंजिन बंद केलं नाही.

नमुना क्र. —

बजावणी करणाराचे नाव: —
बजावणीचे ठिकाण: आंबेटाकळी, राहते घर, मांडव
मुलगी समक्ष हजर होती काय: होय / नाही
नसल्यास, कोठे आहे:

हा फॉर्म उद्या सकाळी नऊला ग्रामसेवक भरणार होता. अभिमन्यूने असे हजार काढले होते. शेवटची ओळ कोरी ठेवली तरी चालते, हे त्याला माहीत होतं.

७.५०

मोहिनी पिशवी भरत होती. दोन साड्या, कंगवा, नववीचं मराठीचं पुस्तक. पुस्तक तिने काढलं, परत ठेवलं, पुन्हा काढलं.

अंगणात बाया जमल्या. कुणीतरी रडायला सुरुवात केली, कारण अशा वेळी रडतात. भगवानराव म्हणाला, "चला, उरका."

"पाठराखीण कोन चाललंय?" एका म्हातारीने विचारलं.

 गडबडीत हे राहूनच गेलं होतं. लग्न मामाशिवाय लागलं, पण नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा घरची एक बाई सोबत जाते; पाठराखिणीशिवाय पोर गाडीत घालणं म्हणजे पळवून नेणं, आणि एवढ्या बायांसमोर ते दिसायला नको होतं. मोहिनीने पिशवी उचलली. "मी जाते."

"तू न्हाई," भगवानराव म्हणाला. "उद्या साहेब आल्यावर आई घरी पायजे."

"मी जातो," अभिमन्यू म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मांडव हसला.

"मामा, पाठराखीण बाई असती."

"लुगडं आनू का मामा? नववारी का सहावारी?"

"आना," अभिमन्यू म्हणाला. "कंचं बी आना. नेसतो."

तो गमतीत बोलत नव्हता, हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला. तो चालत गेला, गाडीचं मागचं दार उघडलं, आत सरकून आरोहीसाठी दाराकडची जागा सोडली आणि बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याला बाहेर ओढायचं तर ओढता आलं असतं. चौघे पुढे झालेच होते. पण म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या की. पोरीला धीर," आणि बाकीच्या बायांनीही ते उचललं, जाऊ द्या, जाऊ द्या.

अमरसिंहांनी गाडीकडे बघितलं. मग गावाकडे, मग रस्त्याकडे.

"बसू द्या," ते म्हणाले. "गावात राहन्यापरीस गाडीत बरे."

आरोही आत आली. तिच्या पलीकडे प्रविण बसला. इतका वेळ तो मांडवात होता, पण कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. अमरसिंह स्वतः पुढे बसले.

"मामा, तुमचा फोन द्या. माझ्या फोनला रेंज न्हाई. घरी सांगतो, ताटं मांडा म्हनून."

अभिमन्यूने दिला नाही. प्रविणने आरोहीच्या पुढून हात घालून त्याच्या खिशातून तो काढला, अगदी अदबीने, आणि काकांकडे दिला.

फाटा

गावाबाहेर फाटा आहे. तलवाड्याकडे उजवीकडे जायचं.

गाडी डावीकडे वळली.

"रस्ता चुकला," अभिमन्यू म्हणाला.

"न्हाई," अमरसिंह म्हणाले.

पुढे कपिलधारच्या बाजूचे डोंगर काळे होत चालले होते. फोन वाजला. पडद्यावर उज्मा वकिलांचं नाव मागच्या सीटवरूनही दिसत होतं. अमरसिंहांनी तो वाजू दिला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग त्यांनी बटण दाबून तो बंदच केला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

"मामा," आरोही हळू म्हणाली, "कुठं चाललोय?"

त्याला माहीत नव्हतं. ते तिला सांगणं बरं की खोटं सांगणं बरं, हेही माहीत नव्हतं. त्याला एकच गोष्ट माहीत होती. माहीत असून मोडला तर गुन्हा मोठा, असं वकील म्हणाल्या होत्या. आणि या गाडीत हुकूम माहीत नसलेला एक माणूस होता.

कागद काढून उपयोग नव्हता, आत अंधार होता. पण पाच प्रती काढलेला मजकूर त्याला पाठ होता. त्याने घसा साफ केला.

"प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्या न्यायालयात," तो मोठ्याने म्हणाला. "तात्पुरता मनाई हुकूम."

"मामा, बास," प्रविण म्हणाला.

"कुमारी आरोही भगवानराव. वय वर्षे पंधरा, महिने चार. हिचा विवाह सामनेवाले क्रमांक एक व दोन यांनी, अथवा त्यांच्या वतीने इतर कोणीही, लावू नये. तसेच तिला राहत्या घरातून अन्यत्र नेऊ नये."

ड्रायव्हरने गाण्याचा आवाज कमी केला.

"कावून बंद केलं बे? लाव," अमरसिंह म्हणाले.

ड्रायव्हरने लावलं नाही. पंचविशीतला, मानेवर रुमाल. आरशातून त्याने मागे बघितलं, आरोहीकडे. पहिल्यांदाच बघितलं असावं. "भाऊ, तुमी म्हनला हुता, नवरीला देवाला न्यायचंय."

"न्यायचंच हाय."

"त्यात ते 'इतर कोणीही' म्हंजी…"

"तू," अभिमन्यू म्हणाला. "म्हंजी तू. तुझं नाव काय?"

ड्रायव्हरने नजर रस्त्यावर वळवली. डांबरी रस्ता संपून खडीचा लागला, गाडी हादरली, आणि आरोहीने मामाच्या शर्टाची बाही मुठीत धरली. अभिमन्यूने हुकूम पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केला.  गाडीचा वेग कमी झाला होता की खडीमुळे तसं वाटत होतं, ते सांगता येत नव्हतं.

"वाचू दे त्याला," अमरसिंह समोर बघत म्हणाले. "लांब जायचंय आपल्याला."